कपाळावरची आठी

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट ऐकता ऐकता मी मध्येच आवाज चढवला तर दचकू नका. राग एकेचाळीस वर्षांचा आहे, चांगला मुरलेला आहे, आणि तो कमी करायचा माझा बिलकूल विचार नाही.

मी जस्ताचा. चार बोटं रुंद, पाच बोटं उंच, खाली लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्याला मला धरून ठेवणाऱ्या चार चुका. चुका म्हणजे बारीक खिळे बरं का. माझ्या अंगात चारच चुका आहेत. बाकी ज्या झाल्या त्या माणसांच्या, आणि त्याच सांगायला मी बसलोय.

माझ्यावर एक चेहरा आहे. लांबट, गालफडं बसलेली, एक भुवई वर चढलेली, दात दाखवणारं हसू, कपाळावर आलेली केसांची एक बट आणि तिच्या खाली ठसठशीत आठी. हा कडेलोट. तुमच्या घरातल्या पिकल्या केसांच्या माणसांना विचारा, ती लगेच हसतील. त्या काळी दर पंधरा दिवसांनी चित्रकथेचा एक अंक निघायचा, दोन रंगांत, बत्तीस पानांचा. त्यात तेजोवीर नावाचा एक नायक होता आणि मी त्याचा वैरी.

वैरी म्हणजे साधासुधा नव्हे. मी नदी गोठवली आहे. मी चंद्राला लोहचुंबक लावून तो तीन हात खाली ओढला आहे. बँकेच्या मॅनेजरला मी काडेपेटीएवढा करून काडेपेटीतच ठेवला होता. आणि हे सगळं करण्याआधी मी माझा अख्खा डाव तेजोवीराला बसवून, नकाशा दाखवून, समजावून सांगायचो. का? तसं लिहिलेलं असायचं म्हणून. तो तोपर्यंत दोर सोडवून घ्यायचा, मला एक ठोसा द्यायचा, आणि शेवटच्या पानावर मी कुठल्या तरी उंच जागेवरून खाली पडायचो. कधी धरणावरून, कधी मनोऱ्यावरून, एकदा तर विमानातून. पडता पडता माझ्या तोंडातून एक फुगा निघायचा. चित्रकथेत माणूस बोलतो ते शब्द ज्या गोलात लिहितात त्याला फुगा म्हणतात. माझ्या फुग्यात दर वेळी दोनच शब्द असायचे, "खाली भेटू!"

पोरं वेडी झाली होती त्या दोन शब्दांसाठी. शाळेच्या जिन्यावर, झाडावरून उडी मारताना, पोहण्याच्या तलावात सूर मारताना, जिथं तिथं "खाली भेटू!"

आता तुम्ही विचाराल, मग राग कशाचा? दर पंधरवड्याला ठोसे खाण्याचा? छे. ते माझं कामच होतं. राग कशाचा ते सांगतो, पण त्यासाठी तुम्हाला आमचा छापखाना बघावा लागेल.

छापखाना दोन मजली. खाली यंत्रं, शाई, रॉकेलचा वास आणि खिळ्यांच्या पेट्या. आमच्या धंद्यात शिशाच्या सुट्ट्या अक्षरांना खिळे म्हणतात आणि ते एकेक वेचून ओळी जुळवणाऱ्याला जुळारी. वर संपादकांची खोली. संपादक स्वतःच चित्रंही काढायचे. नेहमी पांढराशुभ्र शर्ट. शाईचा डाग लागेल म्हणून ते कधी खालच्या यंत्रांकडे फिरकत नसत. मधे एक लोखंडी, उघडा जिना. वरचं बोलणं खाली ऐकू यायचं, पण खालचं वर कुणी ऐकायचं नाही.

आणि त्या जिन्याच्या वरच्या तोंडाशी एक छोटं टेबल. तिथं ताई बसायची.

तिला सगळे ताई म्हणत. वयानं सर्वांत लहान, पण कुणी चहाचा कप खिळ्यांच्या पेटीवर ठेवला तर अशी झापायची की मोठमोठे पुरुष "चुकलं ताई" म्हणून कप उचलायचे. तिनं तीन वर्षं खाली खिळे जुळवले. मग तिचं अक्षर संपादकांच्या नजरेला पडलं आणि फुग्यांतले शब्द लिहायला तिला वर घेतलं. कामाचं नाव 'अक्षरलेखन'. अंकावर त्याचाही उल्लेख नसायचा.

तेव्हा तेजोवीराचा अंक मरायला टेकला होता. कारण सोपं होतं. संपादकांना एकच चेहरा काढता यायचा. त्यांचा नायक जसा दिसायचा तसाच त्यांचा दरोडेखोर, तसाच पोस्टमन, आणि नायकाची आईसुद्धा तशीच, फक्त अंबाडा घातलेली. दोन चौकोनी हनुवट्या एकमेकींशी मारामारी करताहेत, यात कोण जिंकतं याचं पोरांना काय? गठ्ठेच्या गठ्ठे परत यायला लागले. एका दुपारी अंक यंत्रावर जायला चार तास राहिले असताना संपादकांचं डोकं दुखायला लागलं आणि ते घरी निघून गेले. खलनायकाच्या जागा कोऱ्याच. ताईनं फुगे लिहून संपवले, कोऱ्या जागांकडे बघितलं, आणि कुंचला उचलला. कडेलोट त्या चार तासांत जन्माला आला, नावासकट, "खाली भेटू"सकट. पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात तिनं मुंगीएवढं 'ताई' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी चित्रं बघितली. छान म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. ब्लेडचं पातं घेतलं, मुंगी खरवडली, आणि हसत म्हणाले की खलनायकाला आईबाप नसतात. खाली त्यांनी स्वतःची झोकदार सही केली. अंक संपला. पुढचा अंक दुप्पट छापला, तोही संपला.

पोत्यानं पत्रं यायला लागली. एकानं लिहिलं, तेजोवीराला महिनाभर सुट्टी द्या, कडेलोटचा एकट्याचा अंक काढा. एका मुलीनं लिहिलं, मला ताप आहे, कडेलोट पडला तेव्हा मी हसले आणि आईला बरं वाटलं. संपादक ती पत्रं मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "सुचतं हो मला असं काहीतरी." जिन्याच्या तोंडाशी ताई फुगे लिहीत असायची.

मला सांगा, आयत्या बिळावर नागोबा दुसरं काय असतं? पण नागोबाही बिळावर सही करत नाही.

मग एकदा संपादकांनी फर्मावलं की कडेलोटचा एक मोठा चेहरा हवा, दर अंकाच्या मुखपृष्ठावर टाकायला. त्याचा कायमचा ठसा करून घेऊ. तो ठसा म्हणजे मी.

ठसा कसा करतात ते थोडक्यात सांगतो. कागदावर काळ्या शाईनं चित्र काढायचं. त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा. पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब कोरी जागा खाऊन टाकतं आणि रेघा तेवढ्या उंच राहतात. त्या रेघांना शाई लावून कागद दाबला की चित्र उमटतं. गंमत अशी की ठसा नेहमी उलटा असतो, आरशात बघितल्यासारखा. कागदावर जे सरळ ते माझ्यावर उलटं. आणि कागदावर जे उलटं ते माझ्यावर सरळ. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

ताईला हे खाली तीन वर्षं काढून तोंडपाठ होतं. तिनं कडेलोटचा चेहरा काढला आणि त्याच्या कपाळावर आठी घातली. आधी एक लांब आडवी सुरकुती ओढली. ती होती शिरोरेघ. तिच्याखाली भुवयांमध्ये दोन उभ्या चिरा, बाजूला एक आकडा, पलीकडे दोन वळसे, आणि वर कपाळावर आलेली ती केसांची बट. म्हणजे ता आणि ई. पण तिनं सगळं उलट्या बाजूनं लिहिलं. कागदावर बघणाऱ्याला फक्त रागीट आठी दिसावी. जस्तावर मात्र, माझ्या कपाळावर, स्वच्छ सरळ अक्षरात 'ताई'.

संपादक कागद बघायचे, ठसा कधी नाही. त्यांना काही कळलं नाही. उलट आठी फार झकास जमली आहे म्हणाले.

ताईचा हिशेब असा होता की वरच्यांनी नाही वाचलं तरी खालची माणसं वाचतील. खाली जुळारीकाका होते. तेव्हा ते काका वगैरे नव्हते, तिशीही गाठली नव्हती, पण सगळे त्यांना काकाच म्हणत. तिनं त्यांच्याच शेजारी तीन वर्षं काम केलं होतं. दर पंधरवड्याला काका मला हातात घ्यायचे, पुसायचे, यंत्राच्या चौकटीत आवळायचे. ताई जिन्यावरून बघायची. आज विचारतील, उद्या विचारतील. काका विचारायचे, ताई, चहा घेणार का?

अहो, एवढं ढळढळीत लिहिलेलं! मी कपाळ पुढं करून करून थकलो. शेवटी माझ्या लक्षात आलं, आणि हीच ती चूक जी फक्त छापखान्यातलाच माणूस करू शकतो. जुळाऱ्याचा जन्म उलटी अक्षरं वाचण्यात जातो. शिशाचं प्रत्येक अक्षर उलटं असतं. धातूवर उलटं दिसेल ते अक्षर आणि बाकीचं सगळं नक्षी, अशी त्याच्या डोळ्याला सवय लागते. ताईनं धातूवर सरळ लिहिलं, आणि काकांच्या डोळ्यांना ते अक्षर वाटलंच नाही. पण ताईला हे कसं सुचावं? तिला वाटलं, काकांनी वाचलंय. नोकरीला भिऊन गप्प बसलेत. बसोत. वेळ आली की बोलतील.

वेळ दोन वर्षांनी आली. ताईनं संपादकांना सांगितलं की आतल्या पानावर, अगदी बारीक टायपात का होईना, कडेलोटची चित्रं कुणाची ते छापा. संपादक म्हणाले की असला राक्षस एका बाईनं काढला हे कळलं तर आईबाप मुलांना अंक घेऊन देणार नाहीत. माझ्या जस्ताला हे ऐकून घाम फुटला असता, पण जस्ताला घाम येत नाही, नुसता गंज चढतो.

ताईनं कुंचले धुतले, पुसले, पिशवीत भरले. काम सोडते म्हणाली. आणि माझ्यासाठी काढलेलं ते मूळ चित्र, तिनं स्वतःच्या हातानं काढलेलं, तेही पिशवीत घातलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर संपादकांनी तिला अडवलं. सगळ्यांसमोर पिशवी उघडायला लावली. चित्र बाहेर काढलं, वर धरलं, आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "माझ्या चित्रांवरून गिरवायला शिकली, आणि आता चोरून नेते आहे. चोर कुठली."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी कागदावर नऊ बँका लुटल्या, दोन राजमुकुट पळवले, पण खरी चोरी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. चोराच्या अंगात पांढरा शर्ट होता.

ताई शांतपणे म्हणाली, "खालच्यांना विचारा. त्यांना माहीत आहे कुणाचं आहे ते."

काकांना वर बोलावलं. संपादकांनी विचारलं, हिचं नाव तुम्ही कधी कडेलोटच्या चित्रावर, ठशावर, कुठं वाचलंय का? काका घाबरले होते, पण खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "नाही साहेब. नाव तर मी कुठं वाचलं नाही."

ताईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. ती तेव्हाच सांगू शकली असती की कपाळ बघा म्हणून. पण सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी संपादकांनी मला वितळवलं असतं, आणि साक्ष द्यायला जो उभा राहायचा तोच तर नाही म्हणाला होता. ती जिना उतरून निघून गेली. गावात बातमी तिच्या आधी पोचली. चित्रचोर बाईला कुणी काम देत नाही. पुढची सगळी वर्षं तिनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, उन्हात, शिडीवर उभं राहून. हे मला फार नंतर कळलं.

संपादकांना नवा कडेलोट काढता येईना. मग काय, मीच. पहिल्या पानावर मी, मधे मी, शेवटी पडतानाही मीच, आडवा करून छापलेला. दर चित्रात तेच हसू, तीच भुवई. पोरं काही बावळट नसतात. दीड वर्षात अंक बंद पडला. मूळ चित्र कपाटात होतं, ते वाळवीनं खाल्लं. वाळवीला मी दोष देत नाही, तिनं निदान सही केली नाही.

आणि मी? मित्रांनो, मुद्रितं तपासायच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. तो डगडगायचा. कुणीतरी मला उचललं आणि त्याच्याखाली सारलं, तोंड जमिनीकडे करून. ज्यानं चंद्र ओढला त्याच्या डोक्यावर टेबलाचा पाय! तेजोवीराचा ठसा मऊ कापडात गुंडाळून काचेच्या कपाटात, आणि मी पालथा, फरशीला नाक लावून, अडतीस वर्षं. एकदा पाणी सांडलं, एकदा झुरळानं संसार थाटला. मला दुःख त्याचं नाही. ताईला निर्दोष ठरवणारी जगातली एकुलती एक साक्ष फरशीचं तोंड बघत पडली होती, आणि वर बसून लोक ऱ्हस्वदीर्घ तपासत होते!

पुढं छापखाना विकला गेला. सगळं जस्त आणि शिसं वितळवायला द्यायचं ठरलं. भंगारवाल्यानं टेबल उचललं, मला उचललं आणि गोणीत टाकलं. माझी वरात निघालीच होती. तेवढ्यात जुळारीकाका आले, आता खरोखरचे काका, पाठीत वाकलेले. ते आपली जुळणीची पट्टी आठवण म्हणून न्यायला आले होते. गोणीच्या तोंडातून त्यांना माझी भुवई दिसली. त्यांनी मला बाहेर काढलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "हा देत नाही. हा आमचा माणूस आहे."

घरी नेऊन त्यांनी मला रॉकेलमध्ये भिजवलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशानं घासलं. पाच मिनिटं नुसतं कपाळ घासत होते. ता, ई, ता, ई. तरी वाचलं नाही. मला हसावं की रडावं कळेना.

काकांनी मला का साफ केलं? गावच्या वाचनालयात जुन्या चित्रकथांचं प्रदर्शन होतं म्हणून. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात. संपादकांचा सत्कार होता. त्यांनी तेजोवीराचं सगळं पाठवलं, पण वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या की लोक कडेलोटबद्दल विचारताहेत. तेव्हा काकांनी मला आणून दिलं. काचेच्या पेटीत मला ठेवलं, चेहरा वर करून. अडतीस वर्षांनी मला छत दिसलं. आणि पेटीवर चिठ्ठी दिसली, 'खलनायक कडेलोट. संपादकांच्या कुंचल्यातून साकारलेला.' माझी काच तडकायचीच राहिली.

सभागृह भरलं. सगळे पन्नाशी-साठीचे, पण एकमेकांना "खाली भेटू" म्हणत हसत होते. मागच्या दारानं दोन बाया आल्या. एक चष्म्याच्या दुकानात काम करणारी, काचा घासणारी. दुसरी तिची मावशी. पांढरे केस, उन्हानं रापलेला चेहरा, नखांच्या कडांना रंग. मी ओळखलं. माझ्या कपाळावर जिची अक्षरं आहेत तिला मी ओळखणार नाही? ती यायला तयार नव्हती. भाचीनं जाहिरात वाचून ओढत आणली होती, आणि भाचीला जुनं काहीच माहीत नव्हतं. मावशी शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसली. पेटीजवळ उभ्या असलेल्या काकांना तिनं बघितलं आणि मान वळवली.

संपादक बोलायला उठले. शर्ट अजून पांढराच. म्हणाले, कडेलोट मला एका दुपारी सुचला. या चेहऱ्याची प्रत्येक रेघ या हातानं काढली आहे, आणि प्रत्येक रेघेला अर्थ आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काचेच्या पेटीतून कुणी ओरडलं तरी ऐकणार कोण?

भाची मात्र माझ्यापाशी आली होती. काचा बघायची तिला सवय, ती वाकली, डोळे बारीक केले. तिनं जन्मात कधी खिळा हातात धरला नव्हता. तिला उलटं वाचता येत नव्हतं. देवाची कृपा!

"ताईमावशी," ती तिथूनच म्हणाली, "याच्या कपाळावर तुझं नाव का लिहिलंय?"

सगळं सभागृह वळलं. काका धडपडत वाकले. त्यांनी चष्मा पुसला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि म्हणाले की ही तर आठी आहे पोरी, नाव कुठाय? भाचीनं काचेवर बोट फिरवून दाखवलं. ही शिरोरेघ, हा त, हा काना, ही ई. आजूबाजूच्या चार जणांनी वाचलं. काकांना काही केल्या दिसेना. शेवटी भाचीनं पर्समधला छोटा आरसा काढून माझ्यासमोर धरला. आरशात माझं कपाळ उलटं झालं. काकांच्या डोळ्यांना सवयीचं झालं. त्यांनी वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

ताई तोवर पुढं आली होती. काकांना म्हणाली, "मला वाटलं, तू वाचलंस आणि गप्प राहिलास."

"मला उलटंच वाचता येतं गं ताई," काका म्हणाले. "तू सरळ लिहिलंस."

एवढं बोलून तो म्हातारा माणूस सगळ्यांसमोर रडला. ताईच्या मनातला एकेचाळीस वर्षांचा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता हे तिला त्या एका वाक्यात कळलं. तिनं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती व्यासपीठाकडे वळली. बरोबर पत्ता तिथं बसला होता.

संपादक सावरून म्हणाले की सुरकुत्यांत काय, बघायला गेलं तर ढगातही अक्षरं दिसतात. ताई म्हणाली, "मग काढून दाखवा ना साहेब. प्रत्येक रेघ तुमचीच आहे." प्रदर्शनाचं नाव लिहिलेला फळा तिथंच होता. लोक बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. संपादकांनी खडू घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. चौकोनी हनुवटी आली. नायकाचा चेहरा आला. कपाळावर तीन आडव्या रेघा आल्या, वहीत ओढतात तशा. मागून कुणीतरी म्हणालं, हा तर तेजोवीर, दाढ दुखतेय वाटतं त्याची.

ताईनं खडू मागूनही घेतला नाही, खाली पडलेला तुकडा उचलला. शिडीवर उभं राहून भिंतीएवढी अक्षरं काढलेला तो हात. भुवई, नाक, हसू. मग आडवी सुरकुती, दोन चिरा, आकडा, वळसे, बट. न थांबता, उलट्या बाजूनं. भाचीनं आरसा वर धरला. पुढच्या रांगेतल्यांनी आरशात बघून मोठ्यानं वाचलं.

संपादक खुर्चीत बसले होते. मग ते हळूच, जवळजवळ स्वतःशीच, म्हणाले की चित्र तुमचंच होतं.

"चोर म्हणालात तेव्हा मोठ्यानं म्हणाला होतात," ताई म्हणाली.

ग्रंथपाल बाईंनी माइक उचलून संपादकांच्या तोंडासमोर धरला. आणि त्यांना म्हणावं लागलं. चित्र हिचं होतं, कडेलोट हिचा होता, हिनं काही चोरलं नव्हतं, मी खोटं बोललो. कर्णा जुना होता, खरखरत होता, पण शब्द न शब्द मागच्या दारापर्यंत गेला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या वेळेला टाळ्या शोभल्याही नसत्या.

ग्रंथपाल बाईंनी जुनी चिठ्ठी फाडली, नवी घेतली आणि ताईला पूर्ण नाव विचारलं. ती म्हणाली, "ताईच लिहा. कपाळी लिहिलंय तेच खरं."

तर मित्रांनो, असं झालं. आता तुम्ही म्हणाल, झालं ना सगळं नीट, मग आजोबा, आठी सोडा की. का सोडू? एकेचाळीस वर्षं शिडीवर उन्हात उभं राहिल्याची भरपाई एका खरखरत्या कर्ण्यानं होते का? ज्या बाईनं हजारो मुलांना हसवलं तिनं पुढचा एकही कडेलोट काढला नाही. ती चित्रं कुठं आहेत? ती कधी काढलीच गेली नाहीत. माझी आठी म्हणजे तिचं नाव आहे, आणि राग पण आहे. दोन्ही पुसायचं नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. हातात एखादी सुंदर वस्तू आली की ती उलटी करून बघत जा. तळाशी, मागं, शिवणीत, जिथं कुणी बघत नाही तिथं करणाऱ्याची खूण असते. ती वाचा. आणि वाचलीत तर तेव्हाच बोला. जुनं काही भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड एकदा वर करा. आणि कुणाला चोर म्हणायच्या आधी जरा सहीकडे बघा, सहीच्या खालच्या हाताकडे बघा.

मला भेटायचं असेल तर वाचनालयात या. प्रदर्शन संपल्यावर मला कुठं ठेवायचं हे ताईनंच ठरवलं. वरच्या सभागृहात नको म्हणाली. तळमजल्यावर मुलांच्या विभागात, खिडकीपाशी, तुमच्या उंचीला येईल अशी पेटी आहे. शेजारी एक आरसा टांगलाय, तो काकांसाठी. ते गुरुवारी येतात आणि कपाळ वाचून जातात. तुम्हाला आरसा लागणार नाही.

या मग. खाली भेटू!